वऱ्हाड, वर्धा, कौंडण्यपूर : कॅनव्हासच्या भरतकामासाठी बारीक मराठी अक्षरं कुठे शोधायची, कशी जुळवायची

मागच्या लग्नसराईत शेजारच्या काकू रुखवताची फ्रेम घेऊन आल्या. पोरीनं चार महिने बसून कॅनव्हासवर मोर भरला होता. काम देखणं होतं, पण मोराच्या पायाखाली जेमतेम चार इंच रुंद आणि पाऊण इंच उंच पट्टी शिल्लक राहिली होती. तेवढ्यात गावाचं नाव, साल आणि जमलंच तर ‘सप्रेम भेट’ हवं होतं. काकू म्हणाल्या, “आता सांग वं बाई, नाव कुठं घालू? जागाच नाही उरली न.”

जागा उरली होती. तेवढ्या जागेत बसणारी अक्षरं मात्र त्यांच्याकडे नव्हती.

आर्वीच्या बाजूला आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर पडवत नाही. शेतातलं काम थांबलेलं असतं, कूलरसमोर बसून पोरीबाळी रुखवताचं काम काढतात, आणि नाव घालायची वेळ आली की सगळ्या इथेच अडतात. फुलं, मोर, कलश यांचे नकाशे मिळतात. इंग्रजी अक्षरांचे तर ढिगाने मिळतात. बारीक मराठी अक्षरांचा चौकटीवर मांडलेला नकाशा मागितला की दुकानदार भाऊ मान हलवतो. मी बारा-तेरा वर्षं अशी अक्षरं गोळा करते आहे. ती कुठे सापडतात आणि नाही सापडली तर कशी जुळवायची, ते इथे शक्य तितकं सविस्तर लिहिते.

आधी घरं मोजा

अक्षर शोधायला निघण्याआधी आपल्याकडे जागा किती आहे ते घरांत कळलं पाहिजे. इंच-सेंटिमीटरचा इथे उपयोग नाही. कॅनव्हासवर पट्टी ठेवा आणि दोन इंचांत किती भोकं येतात ते मोजून निम्मं करा. एकाच इंचात मोजलं तर एखादं भोक हमखास चुकतं. येणारा आकडा म्हणजे कॅनव्हासचा काउंट. रुखवताच्या खेळण्यांसाठी जी प्लॅस्टिकची जाळी घेतो ती बहुतेक ७ काउंटची असते. सुती कॅनव्हास १०, १२, १३, १४ आणि १८ काउंटचा मिळतो. बारीक अक्षरांसाठी १४ किंवा १८ घ्यावा. ७ काउंटवर बारीक अक्षराचा हट्ट धरू नये, तिथे अक्षर मोठंच येणार.

काकूंचा कॅनव्हास १४ काउंटचा होता. चार इंच म्हणजे ५६ घरं, पाऊण इंच म्हणजे साडेदहा, म्हणून १० घरं. ५६ बाय १० एवढं घर बांधायला मिळालं.

नकाशातलं एक घर म्हणजे कॅनव्हासवरचा एक तिरपा टाका. उभा आणि आडवा दोरा एकमेकांना जिथे छेदतात तिथे तो बसतो. फुलीच्या टाक्याचा नकाशा असेल तर तोही तसाच चालतो, फुलीऐवजी अर्धी फुली घालायची. पण काही नकाशांत घरं भरलेली नसतात, घरांच्या कडांवरून रेघा काढलेल्या असतात. ते टीपेच्या टाक्याचे नकाशे. त्यातली अक्षरं आणखी बारीक होतात, पण ती भरून झालेल्या कामावरून, एकेरी-दुहेरी पदरानं घालायची असतात. हा फरक न बघता नकाशा घेतला की अक्षर वेडंवाकडं येतं आणि दोष आपण स्वतःच्या हाताला देतो.

मराठी अक्षराला उंची का लागते

इंग्रजी मोठी अक्षरं पाच घरं उंच आणि तीन घरं रुंद एवढ्यात मावतात. १४ काउंटवर ती ९ मिलिमीटर उंच येतात, १८ वर ७ मिलिमीटर. एम, एन आणि डब्ल्यू ही तीन घरांत गुदमरतात, त्यांना पाच घरं द्यावी लागतात. बाकी सगळं बसतं. सात घरं उंच, पाच घरं रुंद ही तर ठिपक्यांच्या पाट्यांवरची नेहमीची चौकट. आपलं अक्षर मात्र तीन मजल्यांचं असतं. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मधल्यावर शिरोरेषा आणि अक्षराचं अंग. खाली उकार.

माझा हिशेब असा : वर २ घरं, शिरोरेषेला १, अंगाला ५, खाली २. एकूण १०. १४ काउंटवर ही उंची १.८ सेंटिमीटर होते, १८ वर १.४ सेंटिमीटर. यापेक्षा लहान करता येतं, पण अंगाची पाच घरं चारवर आणली की ‘ह’, ‘इ’, ‘झ’, ‘ळ’ ओळखू येत नाहीत. मी करून बघितलं आहे, म्हणून सांगते.

ज्या शब्दाला उकार नाही त्याची खालची दोन घरं वाचतात. ‘आर्वी’ला उकार नाही. ‘अमरावती’लाही नाही. ‘चांदूर’ला आहे. म्हणून आधी शब्द लिहा, कोणता मजला लागतो ते बघा आणि मगच जागा नाही म्हणा.

कुठे शोधायची

सगळ्यात जवळचा साठा आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि तिथेच सगळ्यात उशिरा लक्ष जातं. लग्नात आलेले गंज (पातेली), डबे, पाण्याचे गुंड काढा. त्यांवर नाव घातलेलं असतं. भांड्याच्या दुकानात नाव घालणारा माणूस ठिपक्या-ठिपक्यांनी बोटभर जागेत ‘सौ.’, ‘चि.’, ‘यांजकडून भेट’ असं सगळं बसवतो. त्याच्या अक्षरांत अनावश्यक वळण एकही नसतं. भांड्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की ठसा उठतो. तो ठसा चौकटीवर जसाच्या तसा बसणार नाही, कारण त्याचे ठिपके सरळ रांगेत नसतात. पण ‘श’चा कोणता भाग गाळला तरी चालतो, जोडाक्षरात कोणतं अक्षर किती चेपता येतं, हे त्यावरून समजतं. माझ्या वहीतली ‘प्र’, ‘श्री’ आणि ‘स्न’ ही तिन्ही अक्षरं सासूबाईंच्या पितळी डब्यावरून आलेली आहेत.

दुसरा साठा जुन्या भरतकामाचा. माहेरच्या पेटीतली मॅटीची टेबलक्लॉथं, भिंतीवरचं ‘सुस्वागतम्’, आजीनं दुसुतीवर भरलेला रुमाल. यातली अक्षरं बहुधा मोठी असतात, पण ती घरांत बसवलेलीच असतात. कापडावरचे टाके सुईच्या टोकानं मोजत थेट वहीत उतरवता येतात. कोणाच्याही घरी फ्रेम दिसली की मी विचारून फोटो घेते. फोटो अगदी समोरून घ्यावा. तिरपा घेतला की घरं चेपतात आणि मोजणी चुकते.

तिसरा साठा रेल्वे स्टेशनवर. वर्धा किंवा नागपूर स्टेशनवरच्या दिव्यांच्या पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चालतात. त्यातला प्रत्येक दिवा म्हणजे एक घर, म्हणजे तयार नकाशाच. मी मोजली त्या पाटीवर उभे १६ दिवे होते. अक्षरं सरकत असतील तर फोटो पुसट येतो. व्हिडिओ घ्यावा आणि घरी थांबवून थांबवून बघावा. कॅमेऱ्यात कधी कधी दिव्यांची एखादी रांग विझलेली दिसते, दिवे फार वेगानं उघडझाप करत असतात म्हणून. तीन-चार ठिकाणी व्हिडिओ थांबवून ताडून पाहिलं की खरं अक्षर कळतं.

यात एक सावधगिरी आहे. या पाट्यांवरची अक्षरं पुष्कळदा हिंदी वळणाची असतात. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनानं २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हाही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच रूपं मराठीची म्हणून धरली. पाकळीच्या ‘ल’ला एखादं घर जास्त द्यावं लागतं, ते द्यावं. रुखवतावर पोरीच्या नावात हिंदी वळणाचा ‘ल’ मला बघवत नाही.

जुना बटणांचा मोबाईल घरात पडला असेल तर तो चार्ज करून मराठी भाषा लावा आणि भिंगातून पडदा बघा. त्या लहान पडद्यावर अक्षरं घराघरांतूनच काढलेली असतात. आजच्या मोबाईलचा याला उपयोग नाही. त्याचे ठिपके इतके बारीक असतात की घरं दिसतच नाहीत.

कॉम्प्युटर हाताशी असेल तर काम बरंच सोपं होतं. युनिफॉन्ट नावाचा एक फुकट मिळणारा फॉन्ट आहे. रोमन चिबोरा यांनी तो १९९८ च्या सुमारास सुरू केला. त्यातलं प्रत्येक अक्षर १६ घरं उंच आणि ८ किंवा १६ घरं रुंद अशा चौकटीत काढलेलं आहे, आणि त्यात देवनागरीही आहे. तो १२ पॉइंटला ठेवला की साधारणपणे पडद्यावरचे बरोबर १६ ठिपके होतात. दुसराच आकडा ठेवला तर कडा करड्या होतात. जोडाक्षरांसाठी त्यावर अवलंबून राहू नका, ती वहीतच जुळवावी लागतात.

तो फॉन्ट नको असेल तर पेंटमध्ये नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये बारीक आकारात शब्द लिहा. फाइल सेव्ह करताना काळ्या-पांढऱ्या बिटमॅपचा प्रकार निवडा, पुन्हा उघडा, ८०० टक्के मोठं करा आणि ग्रिडलाइन्स लावा. करडे ठिपके जातात, फक्त काळी आणि पांढरी घरं उरतात. अक्षर थोडं खडबडीत येतं, ते हातानं सारखं करावं लागतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात हे पंधरा मिनिटांचं काम आहे. लागणारे सगळे शब्द एकदाच लिहून न्या.

इंग्रजी अक्षरांसाठी एवढा खटाटोप नको. तिकडे मुलींना अक्षरं भरायला शिकवण्याची रीतच होती, कारण घरातल्या चादरी-रुमालांवर मालकाची आद्याक्षरं आणि नगाचा आकडा भरून ठेवत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिनं १५९८ साली भरलेला नमुना आहे, त्यातही वर्णमाला आहे. तेरेझ द दिलमाँ यांचा भरतकामाचा १८८६ चा जाडजूड कोश प्रताधिकारातून मुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतो. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या नकाशांच्या पुस्तिका स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. शोधताना ‘बॅकस्टिच अल्फाबेट चार्ट’ किंवा ‘टाइनी अल्फाबेट नीडलपॉइंट’ असे शब्द इंग्रजी लिपीत टाका. कोणी स्वतः काढून विकायला ठेवलेला नकाशा असेल तर तो विकतच घ्यावा. त्याच्या झेरॉक्स वाटू नयेत. एक अक्षर बसवायला किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे.

नाहीच मिळालं तर वहीत जुळवा

खरं सांगायचं तर शेवटी बहुतेक अक्षरं वहीतच होतात. बाहेरून मिळतं ते वळण, आपल्या १० घरांच्या उंचीत ते आपणच बसवायचं असतं. पोरांची गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढं पुरे.

अख्खी बाराखडी काढायला बसू नका. कंटाळा येतो आणि वही अर्धी राहते. जुन्या छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवत तसं करा. अक्षराचं अंग वेगळं, काना वेगळा, वेलांटी, मात्रा, उकार, रफार वेगळे. प्रत्येक तुकडा एकदाच काढायचा आणि शब्द लागेल तसा जोडायचा. ‘व’चं अंग एकदा झालं की ‘वा’, ‘वी’, ‘वे’ आपोआप होतात.

माझे चार तुकडे देते. सगळ्यांत वरची ओळ शिरोरेषेची आहे, काळं घर म्हणजे टाका.

‘व’ चार घरं रुंद :

■■■■
□□□■
□■■■
■□□■
□■■■
□□□■

‘ब’ पाच घरं रुंद. पोट एक घरानं वाढवायचं आणि आत एकच टाका घालायचा :

■■■■■
□□□□■
□■■■■
■□■□■
□■■■■
□□□□■

‘र’ चार घरं रुंद :

■■■■
□□■□
□□■□
■■□□
□□■□
□□□■

‘म’ पाच घरं रुंद :

■■■■■
□■□□■
□■□□■
■■■■■
■■□□■
□□□□■

या ‘म’च्या वरच्या ओळीतलं तिसरं घर रिकामं ठेवलं की ‘भ’ होतो. दोन अक्षरांत फरक तेवढ्याच एका घराचा. ‘घ’ आणि ‘ध’ यांचंही तसंच, ‘ध’ची शिरोरेषा तुटलेली, ‘घ’ची अखंड. सलग भरत गेलं की हात आपोआप ते घर भरून टाकतो आणि ‘सप्रेम भेट’चं ‘सप्रेम मेट’ होतं, ‘वर्धा’चं ‘वर्घा’ होतं. माझ्या पहिल्या फ्रेमवर जिल्ह्याचं नाव असंच चुकलं होतं आणि ते भिंतीवर लागल्यावर लक्षात आलं. आता मी नकाशात त्या रिकाम्या घरावर लाल फुली मारून ठेवते.

मोठं अक्षर लहान करायचं असेल, समजा दिव्यांच्या पाटीवरून १६ घरांचं आणलं आहे, तर मोबाईलवर चित्र आकसून काही होत नाही. वळणंच नाहीशी होतात. हातानं एक-एक आडवी ओळ गाळायची, आणि ती अशा जागेची गाळायची जिथे फक्त उभा दंड चालला आहे. दंडातून ओळ गेली तर अक्षर बुटकं होतं, पोटातून गेली तर अक्षर मरतं.

जोडाक्षरांत दंडाची अक्षरं फार सोयीची. ‘ण’, ‘म’, ‘स’, ‘प’ यांचा दंड गाळला की अर्धं अक्षर तयार, आणि दोन घरं वाचतात. ‘कौंडण्यपूर’ घ्या. रुक्मिणीचं माहेर म्हणून वर्धा नदीकाठचं हे गाव, आमच्याकडच्या बऱ्याच लग्नांत त्याचं नाव कुठे ना कुठे येतंच. या एका शब्दात सगळ्या अडचणी आहेत : दोन मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर, दीर्घ उकार. माझ्या वहीत तो ३२ घरांत बसतो. ‘क’ ६, मग एक घर सोडून काना १, घर सोडून ‘ड’ ५, घर सोडून अर्धा ‘ण’ ३ आणि त्याला चिकटून ‘य’ ४, घर सोडून ‘प’ ४, घर सोडून ‘र’ ४. हे सोडलेलं घर शिरोरेषेच्या खालीच सोडायचं, वरची रेषा शब्दभर सलग जाते. अनुस्वार मात्रांच्या वर ठेवला असता तर तिथे तिसरी ओळ लागली असती आणि उंची ११ झाली असती. म्हणून तो मात्रांच्या उजव्या बाजूला, दोन ओळींच्या आतच ठेवला.

‘वऱ्हाड’ हा शब्द कुठल्याही हिंदी पाटीवर सापडणार नाही, कारण तो ‘ऱ’ आपला आहे. लग्नाच्या कामात मात्र तो सारखा लागतो. मी त्यासाठी दोन घरं ठेवते. शिरोरेषेखाली एक ओळ सोडून तीन टाक्यांचा छोटा आडवा बाक काढायचा आणि तो ‘ह’ला डावीकडून टेकवायचा. त्याला शिरोरेषेपर्यंत नेलं तर तो ‘र’ वाटतो. सगळा शब्द २० घरांत होतो, म्हणजे १४ काउंटवर ३.६ सेंटिमीटर.

उकारांत ऱ्हस्व-दीर्घ दोन घरांच्या उंचीत सारखेच दिसतात. दीर्घाची शेपटी एक घर उजवीकडे पुढे न्यायची, तेवढ्यानं भागतं.

आकड्यांना शिरोरेषा नाही, म्हणून ते सोपे. चार घरं रुंद आणि सहा उंच पुरेत. ‘१’ आणि ‘९’ एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्हींच्या शेपट्या वेगळ्या वळणाच्या ठेवा. ‘३’ आणि ‘६’ आरशातली रूपं असल्यासारखे आहेत. एक काढा, वहीचं पान उजेडासमोर उलटं धरा, दुसरा दिसतो.

टाका उजवीकडेच झुकतो, हे विसरू नका

कागदावर छान दिसणारं अक्षर कॅनव्हासवर बिघडतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आपला अर्धा टाका खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो. त्याच दिशेची तिरपी रेघ भरली तर टाके एकमेकांत मिसळून गुळगुळीत ओळ होते. उलट दिशेची, म्हणजे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ भरली तर सुटे मणी ओघळल्यासारखी दिसते. आता ‘र’ची शेपटी बघा. ती नेमकी त्याच दिशेनं उतरते. मात्राही तशीच.

यावर मी दोन उपाय करते. ‘र’, ‘स’, ‘ख’ यांच्या शेपटीला अर्ध्या टाक्यांवरून त्याच रंगाच्या दोन पदरांनी एकच लांब तिरपा टाका टाकते. मणी जोडले जातात. मात्रा, रफार आणि वेलांटीचा बाक मी घरं भरून करतच नाही. आजूबाजूचं सगळं भरून झाल्यावर त्या जागी वरून सरळ टाके टाकते. दोन मात्रांना दोन टाके, रफाराला दोन, वेलांटीच्या बाकाला तीन. हे नाजूक दिसतं आणि अंगापेक्षा वेगळं उठतं. काही जणी अक्षरांपुरती पूर्ण फुली घालतात, त्यानं दिशेचा प्रश्नच मिटतो. पण फुलीचं अक्षर जाड होतं, आणि १४ काउंटवर ‘ब’च्या पोटातली रिकामी घरं बुजतात. मला ते आवडत नाही.

जागा फारच थोडी असेल तर शिरोरेषासुद्धा भरू नका. शब्द झाल्यावर एका पदराची टीप वरून फिरवा. एक ओळ वाचते. मात्र ‘भ’, ‘ध’, ‘थ’ आले की टीप तिथे तोडायला विसरू नका.

दोरा, सुई, रंग

भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा १४ काउंटचा कॅनव्हास सहाच्या सहा पदरांनी आणि १८ चा चार पदरांनी झाकतो, असा माझा अनुभव आहे. तरी कोपऱ्यात दहा टाके घालून बघाच. पदर आधी सुटे करून पुन्हा एकत्र ओवावेत, टाका भरीव बसतो. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. १४ काउंटला २० नंबरची, १८ ला २२ नंबरची. दुपारच्या घामानं सुईला गंज चढतो आणि पांढऱ्या दोऱ्याला तिचा काळा डाग लागतो, म्हणून काम थांबवताना सुई कॅनव्हासमध्ये टोचून ठेवू नये.

रंगांच्या बाबतीत इतकंच सांगते की अक्षर आणि जमीन (अक्षरांभोवतीची भरलेली जागा) यांच्यात उजेड-अंधाराचा फरक हवा. मरून जमिनीवर मेंदी हिरवा हातात सुंदर दिसतो आणि ट्यूबलाइटखाली गायब होतो. दोन लड्या शेजारी ठेवून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर बदला. आमच्या तालुक्यात रंग थोडेच मिळतात. नागपूरला जाणारं कोणी असेल तर इतवारीतून आणायला सांगावं, आणि अक्षरासाठी एक जादा लडी मागवावी. पुढच्या खेपेला रंगाची छटा जुळेलच असं नाही.

पट्टीवर मांडणी आणि भरणं

पूर्ण ओळ वहीत लिहून घ्या आणि एकूण घरं मोजा. दोन शब्दांमध्ये तीन घरं सोडायची, शिरोरेषाही तिथे तोडायची. काकूंच्या पट्टीत ‘कौंडण्यपूर’ची ३२ घरं, मध्ये ३, आणि सालाच्या चार आकड्यांची १९ (चारचे चार आकडे आणि मधली तीन घरं). एकूण ५४. दोन घरं उरली, एक डावीकडे, एक उजवीकडे. ‘सप्रेम भेट’ला जागा नव्हती, ते फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलं.

ओळीचा मध्य काढून कॅनव्हासवर तिथे वेगळ्या रंगाचा कच्चा दोरा उभा घाला. दुसरा कच्चा दोरा शिरोरेषेच्या ओळीत आडवा. सुरुवात मधल्या अक्षरापासून करायची. डाव्या टोकापासून सुरू केलं आणि कुठे एक घर चुकलं, तर ते शेवटच्या आकड्यापाशी कळतं, आणि मग उसवण्यात दुपार जाते.

आधी शिरोरेषा आणि दंड, मग पोटं, मग शेपट्या. जमीन सगळ्यात शेवटी. जमीन आधी भरून अक्षरांना भोकं ठेवायचा प्रयत्न करू नका, मोजणी हमखास चुकते. एका अक्षरातून दुसऱ्या अक्षराकडे मागून दोरा नेताना तो शिरोरेषेच्या टाक्यांखालूनच न्यावा. गडद दोरा मोकळ्या जागेमागून नेला तर फिकट जमिनीतून त्याची सावली दिसते, आणि जमीन भरून झाल्यावर काही करता येत नाही. जमीन भरताना टाके तिरप्या रांगांनी, खाली-वर असे भरले तर कॅनव्हास वाकडा होत नाही. आडव्या रांगांनी भरला की तो एका बाजूला ओढला जातो.

चौकटीची काच बसवणारा कडेची तीन-चार घरं लाकडाखाली घेतो. काकूंच्या पट्टीत बाजूला एकेकच घर उरलं होतं, म्हणून चौकटवाल्याकडे देण्याआधी चारही बाजूंनी जमिनीच्या पाच ओळी वाढवून घेतल्या. कॅनव्हास मूळचा मोठा होता म्हणून ते जमलं. तुम्ही कापायच्या आधीच बघा.

जमीन भरायला घेण्याआधी अजून एक काम उरतं. ज्याला शब्द माहीत नाही अशा माणसाला चार हात लांबून वाचायला सांगा. घरच्यांना विचारू नका, त्यांना आधीच माहीत असतं. मी दूध घालायला येणाऱ्या आजोबांना विचारलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पट्टी दारातूनच बघितली आणि म्हणाले, “कौंडण्यपूर हाय न? पण हा सात हाय का एक?” साल उसवलं, एकाची शेपटी सरळ केली, आणि मगच काकूंच्या पोरीनं जमीन भरायला घेतली.